हूक तयार आहे

आगाऊ रक्कम भरली त्या दिवशी
उद्यमनगरात पेढे वाटायचं मी टाळलं.
तरी बाबालाल मिस्त्रीनं विचारलंच,
"काय मर्दा, विजेवरची पिकअप घेतोयस म्हणं?
ओढंल काय ती?"
म्हटलं, ओढंल. कागदावर तरी अडीच टन ओढते.
"कागद मीबी ओढतो," तो म्हणाला,
आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागला.

गाडीचा पत्ता नाही, मागचा हूक तयार:
इएनएटचा तुकडा, भट्टीत लाल करून
तेलात विझवलेला, मापं माहितीपत्रकातली.
बाजारात तुरी, बायको म्हणाली,
आणि पुढचं न बोलता चहा गाळला.

आज चौदावा महिना.
शोरूममधल्या पोरीचा आवाज मी आता
चेहऱ्यासारखा ओळखतो.
आधी म्हणायची, "सर, पाडव्याला नक्की."
मग दसरा.
मग, "बॅटरीचा लॉट बंदरात अडकलाय सर."
परवा तिनंच फोन केला. नोकरी सोडतेय,
लग्न ठरलंय, निपाणीला.
"तुमची फाईल नव्या मॅडमना समजावून दिलीय."
म्हटलं, सुखी राहा.
माझ्या आधी तिचा नंबर लागला.

शेडच्या भिंतीवर चार्जिंगचा डबा आहे.
वीज कार्यालयाला अकरा खेपा घालून बसवलेला,
वेगळा मीटर, जाड केबल, अर्थिंगला मीठ-कोळसा.
युनिट शून्य.
स्थिर आकार तेवढा येतो, न चुकता.
दस्तगीर त्याला जेवणाची पिशवी अडकवतो,
मी रेनकोट,
आणि प्लगच्या तोंडात आता कुंभारणीनं
मातीचं घर लिंपायला घेतलंय.
पंचगंगेचा गाळ असावा, रंग तोच.

काल रात्री दीडला फोन. कागलच्या पुढं, पुलाजवळ.
गेलो, आमची जीप घेऊन, एकोणनव्वदची,
क्रेनचा हात वेल्डिंगच्या व्रणांनी भरलेला,
चढाला धाप लागते, पण थांबत नाही.
रस्त्याकडेला नवी कोरी मोटार,
बॉनेटवर अजून कुंकवाचं स्वस्तिक.
विजेवरचीच. चार्ज संपलेला.
नवरा-बायको, मागं झोपलेली पोर.
दस्तगीर माझ्याकडं बघून हसला नाही,
हे त्याचे उपकार.
साखळी लावताना बाई म्हणाली,
"लांबूनच तुमचा धडधडाट ऐकू आला,
तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला."

हे कुठल्या माहितीपत्रकात नव्हतं.
तावडे हॉटेलपर्यंत मी तेच घोळवत राहिलो:
उद्या मी येणार
मोजे घालून माजघरातून चालल्यासारखा.
अंधारात उभ्या माणसाला
कळायचं कसं, कुणीतरी निघालंय म्हणून?

डिझेलची उधारी, धूर,
दस्तगीरचा पहाटेचा खोकला
मला पाठ आहे. त्यासाठीच तर नाव घातलं.
"रद्द केलं तर पूर्ण पैसे परत," नव्या मॅडम म्हणाल्या.
नको, म्हटलं. थांबतो.

सकाळी बाबालालला सांगितलं, तिला आवाजच नसतोय.
हुकाला तेल लावता लावता तो म्हणाला,
"मग घुंगरं बांधू की. बैलाला बांधत न्हाईत?"
आणि हूक परत पोत्यात गुंडाळून ठेवला,
तान्ह्या पोरावर पांघरूण घालावं तसा.

मी डब्याशी उभा राहिलो.
कुंभारीण एक हिरवी अळी आणत होती,
स्वतःहून लांब, स्वतःहून जड,
दोनदा निसटली, दोनदा तिनं पुन्हा धरली,
आणि प्लगच्या भोकाशी येऊन
मागं मागं सरकत आत ओढली.

दस्तगीर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला.
"खरवडू काय, मालक?"

राहू दे, म्हटलं.
गाडी आली की बघू.